हलाल बाजार मोठा, पण काटा कुठाय?

शेळीपालक भावांनो, हलाल बाजार लई मोठा, आखातात मटणाला मागणी, असं प्रत्येक मेळाव्यात ऐकतो. खरंय. आपल्या देशातून जाणाऱ्या शेळी-मेंढीच्या मटणाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक यूएई. ऑक्टोबर २०२४ पासून हलाल म्हणून मटण तिकडं धाडायचं तर सरकारमान्य संस्थेचं प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. पण ते कत्तलखान्याला मिळतं, आपल्या गोठ्याला नाही. आपला उस्मानाबादी बोकड अजून नजरेच्या अंदाजावर उक्ता जातो. मग संधी कुणाची? व्यापाऱ्याची!

आधी काटा मागा. जिवंत वजनावर, किलोनं विका. कानात बिल्ला, पीपीआरची लस, औषधांची नोंद ठेवा. दहा जण मिळून माल काढा. वजन झाल्याशिवाय दावं सोडू नका.