भंडारदरा म्हणा, भंडारदारा नव्हे!

गिरणी कामगार बंधू-भगिनींनो,

पावसाळा लागला की मुंबईच्या मोटारी कसारा घाट चढतात, घोटीला वळतात आणि बारीच्या रस्त्याने नगर जिल्ह्यात शिरतात. काच खाली होते. रस्त्यावरच्या पोराला सवाल येतो, "भाई, भंडारदारा किधर है?" पोरगा अकोले तालुक्यातला. त्याचा आजा परळच्या गिरणीत साच्यावर उभा राहून म्हातारा झाला. पोरगा अडखळत नाही, की हसत नाही. तो म्हणतो, "भंडारदारा? सीधा जाव." मोटार निघून जाते. पोरगा मात्र उद्यापासून आपल्या गावाला तेच नाव लावू लागतो, कारण विचारणाऱ्याच्या खिशात पैसा आहे आणि सांगणाऱ्याच्या घरात चूल पेटायची आहे.

कोणी म्हणेल, अहो, एका कान्याचा तर फरक! त्यासाठी एवढा कागद काळा कशाला करता? आम्ही म्हणतो, काना एकच आहे, पण तो कोणी कोणाच्या नावात घुसवला, हे बघा.

दरा म्हणजे डोंगरांच्या मधली खोल जागा, दरीचा थोरला भाऊ. सह्याद्रीत राहणाऱ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. भंडारदरा हे नाव त्या जागेचे वर्णनच आहे. आणि याचा दाखला पुस्तकात नाही, आपल्या जिभेवर आहे. अकोल्याची म्हातारी काय म्हणते? "भंडारदऱ्याला चाललेय." भंडारदऱ्याचं धरण, भंडारदऱ्याचं पाणी. नाव 'दारा' असते तर ती 'भंडारदाऱ्याला' म्हणाली असती. तसे कोणी म्हणताना ऐकलेत का? शब्द वाकतो कसा यावरून त्याची जात कळते, जसे सूत ताणून बघितले की त्याचा कस कळतो.

आणि दोष एकट्या परक्याचा नाही. दादर-पुण्याची आपलीच शिकलेली मंडळी आता "भंडारदराला जाऊ या" म्हणतात. लोणावळ्याला नव्हे, "लोणावलाला". नाव हॉटेलच्या पाटीसारखे ताठ उभे! आपल्या घरचे माणूस घरात वाकून येते. पाहुण्यासारखे ताठ राहिले, की समजावे, ते घरचे उरले नाही.

हा काना आला कुठून? इंग्रजी लिपीतून. तिच्यात 'दरा' आणि 'दारा' एकाच अक्षरांनी लिहितात. 'ळ'ला तर तिच्यात वेगळे अक्षरच नाही. मोटारवाला मोबाईलच्या नकाशावर ती अक्षरे वाचतो आणि मनाला येईल तसा उच्चार करतो. म्हणून कळसूबाईची 'कलसूबाई' झाली.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. पण नुसत्या उंचीसाठी आम्ही तिचे नाव घेत नाही. तिची दंतकथा प्रत्येक कामगाराने ऐकावी अशी आहे. कळसू ही कोळ्याची पोर. ती एका घरी कामाला राहिली ती अट घालून: झाडलोट करणार नाही, भांडी घासणार नाही. मालकाने अट कबूल केली आणि एक दिवस मोडली. कळसूने सांगितलेले काम तेवढे उरकले आणि ती थेट डोंगरावर निघून गेली, ती परत आली नाही. अटी मोडणाऱ्या मालकाकडे पाठ फिरवणारी ही पोर आज आपल्या राज्याच्या माथ्यावर बसली आहे. तिच्या नावातला 'ळ' काढून घेणे म्हणजे तिची उरलेली अटही मोडणे होय!

तालुक्याचे नाव घ्या. आपण म्हणतो अकोले. इंग्रजांच्या दप्तरात त्याचे झाले अकोला. वऱ्हाडातले अकोला वेगळे, हे आपल्याला ठाऊक आहे, दप्तराला त्याचे काय? गिरणीतल्या गड्याने घरच्या पत्रावर नुसते 'अकोला' लिहिले आणि जिल्हा विसरला, तर ते पत्र पार विदर्भाची वाट धरणार. आज तालुक्याच्या पाटीवर अकोले आहे, ते ज्यांनी तोंडातले नाव सोडले नाही त्यांच्यामुळे आहे.

कारण तोंडातले नाव हे भारी चिवट असते. भंडारदऱ्याला प्रवरेवर इंग्रजांनी धरण बांधले. 1926 साली ते पुरे झाले आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. पाण्यालाही साहेबी नाव मिळाले, 'आर्थर लेक'. दगडात कोरले, नकाशात छापले. पण अकोल्याच्या बाजारात, संगमनेरच्या मोटारस्टँडवर, श्रीरामपूरच्या उसात "विल्सनचं पाणी सुटलं" असे म्हणते का कोणी? लोक म्हणतात, "भंडारदऱ्याचं पाणी सुटलं." साम्राज्याचा गव्हर्नर त्या दऱ्यापुढे हरला. ज्यांच्या डोंगरात हे पाणी अडले, त्यांची पोरे पोटासाठी मुंबईला गेली आणि पाणी खाली उसाला गेले. त्यांच्याकडे नाव तेवढे उरले. तेही आता मोटारवाल्याला देऊन टाकायचे काय?

याच डोंगरातल्या देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या मुलखाचे नाव कसे घ्यायचे, हे सुट्टीला दोन दिवस येणाऱ्याने ठरवायचे की तिथे पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-भात पिकवणाऱ्याने?

कामगारांनो, या सवालाचा निकाल तुम्ही मागेच लावला आहे. 1955-56 साली तुम्ही आणि तुमचे बाप रस्त्यावर आलात तेव्हा घोषणा काय होती? "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" साहेबी कागदावर तेव्हा 'बॉम्बे' होते, हिंदीत 'बम्बई' होते. तुम्ही कागदाची परवानगी मागायला थांबला नाहीत. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनला गोळ्या झेलल्या, त्याही 'मुंबई' म्हणत. शंभराहून अधिक हुतात्मे पडले. 1 मे 1960 रोजी राज्य आले. सरकारी इंग्रजी कागदावर 'मुंबई' यायला 1995 साल उजाडले, म्हणजे आणखी पस्तीस वर्षे. आधी तोंड, मग पाटी, हा क्रम तुम्हीच घालून दिला. आणि त्या लढ्यात तुमच्या पुढे चालणारे सेनापती बापट कुठले? पारनेरचे, याच नगर जिल्ह्याचे.

नाव गेल्यावर काय जाते, हेही तुमच्याइतके कोणाला ठाऊक नाही. 1982 चा संप झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे थांबले, जमिनीवर मनोरे उठले. मग काय झाले? परळचे आधीच 'परेल' झाले होते. मनोऱ्यांतली घरे विकताना दलालांना 'लोअर परळ' हे नावही नकोसे झाले आणि जाहिरातीत 'अप्पर वरळी' आले! परळ म्हटले की गिरणी आठवते, चाळ आठवते, संप आठवतो. ते आठवू नये म्हणून नाव बदलायचे. जमीन आधी गेली की नाव मागाहून जाते, आणि नाव आधी गेले की जमिनीचा सौदा सोपा होतो. भंडारदऱ्याच्या काठावर आज प्लॉट पडत आहेत. काजव्यांच्या दिवसांत मोटारींची रीघ लागते. उद्या एखाद्या पाटीवर 'दरा'ही नसेल आणि 'दारा'ही नसेल, नुसते 'लेक व्ह्यू' असेल. तेव्हा जागे होऊन उपयोग नाही.

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. ऐकायला कडू लागल्या तरी ऐका.

पहिली: हा झगडा शेजारच्या साच्यावरच्या भय्याशी नाही. त्याच्या बोलीत 'ळ' नसेल तर तो त्याचा गुन्हा नव्हे. 'ळ' काही एकट्या मराठीची मिरास नाही. गुजरातीत आहे, कानडीत आहे, तमिळ-तेलुगूत आहे, राजस्थानीतही आहे. ज्याला तो जमत नाही त्याला दोनदा हसून सांगा, "भाऊ, कळसूबाई." प्रयत्न करील. नाही जमला तर सोडून द्या, चहा पाजा. ज्याने पाटी रंगवताना गावाला विचारले नाही, जाहिरात छापताना पैसे मोजले पण तोंड उघडून एक सवाल केला नाही, जाब त्याला विचारा.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. दुसऱ्याने आपले नाव नीट घ्यावे म्हणून ओरडणारे आपण, एकमेकांची बोली कशी ऐकतो? खेड्यातला गडी 'पानी' म्हणाला की शहरी मराठी भाऊ फिदीफिदी हसतो. लालबागच्या खोलीत कोकणातला घाटावरच्याला हसतो, घाटावरचा कोकणातल्याला. आता 'कोकण' म्हणा की 'कोंकण' म्हणा, रेल्वेच्या नावात अनुस्वार आहे, आपल्या बोलण्यात नाही, तेवढ्याने समुद्र आटत नाही. साम्रदजवळच्या दरीला कोणी 'सांदण' म्हणते, कोणी 'सांधण'. तिथलीच माणसे दोन तऱ्हांनी बोलत असतील तर दोन्ही खऱ्या. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये सरकारदरबारी अहिल्यानगर झाले. पण माणूस एस.टी.त बसताना आजही "नगर एक" म्हणून तिकीट मागतो आणि कंडक्टर देतो. सरकार नाव देते, उच्चार लोक देतात. जो तिथे राहतो, राबतो, मरतो, त्याची जीभ हेच प्रमाण. मग ती जीभ शाळेत गेलेली असो वा नसो. 'पानी' म्हणणाऱ्या जिभांनीच संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या, हे शुद्धलेखनवाल्यांनी विसरू नये!

तेव्हा आमचे मागणे एवढेच. भंडारदरा-अकोले भागातली प्रत्येक पाटी देवनागरीत आधी आणि ठळक हवी. नाव गावातल्या जाणत्यांना, बायाबापड्यांना विचारून लिहावे. शेंडी, बारी, रतनवाडी, घाटघर ही नावे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहावीत. हॉटेलवाल्यांनी, वाटाड्यांनी पाहुण्याला नाव नीट सांगावे. त्याने गिऱ्हाईक जात नाही, उलट एक गोष्ट जास्त घेऊन जाते. आणि मुंबईत राहणाऱ्या तुम्ही आपल्या नातवंडांना गावी न्यावे आणि म्हणून घ्यावे, "भंडारदऱ्याला आलो." वाकवून म्हणायला शिकवावे.

सीमेवरचा भाऊ हीच लढाई अधिक कठीण जागी लढतो आहे. 2014 साली बेळगावच्या सरकारी नावाचे 'बेळगावी' झाले, पण तिथल्या मराठी माणसाच्या तोंडचे बेळगाव हलले नाही. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर जीभ आपल्या ताब्यात आहे, आणि तिच्यावर कोणाचा मनाई हुकूम चालत नाही.

पुढच्या वेळी काच खाली झाली आणि कोणी विचारले "भंडारदारा किधर है?", तर त्या पोराने छाती काढून सांगावे, "भंडारदारा इथं नाही. भंडारदरा हा काय समोर!"

जय महाराष्ट्र!