हट्टीच्या माळावरची खोप

१९५६ पर्यंत आपलं माजलगाव आणि हट्टीची सोन्याची खाण एकाच हैदराबाद राज्यात होती. तिकडे रायचूर जिल्ह्यात बैल पाहायला गेलो आणि माळावरच्या खोपीत मुक्काम पडला. "रात्री उठलात तर मला हाक मारा," म्हाताऱ्याने मोडक्या हिंदीत बजावलं. कारण सकाळी दिसलं. झुडपांआड जुनं खोदकाम, काळंभोर तोंड. दोन हजार वर्षांपूर्वीचे खाणकरी खडकाला लाकडं लावून पेटवत, दगड तापून तडकला की फोडत. असे ते ६४० फूट खाली गेले! आपण पन्नास फुटांवरच विहिरीपुढे हात टेकतो. जवळच मस्कीला १९१५ साली बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीवरच्या इंजिनिअरला अशोकाचा शिलालेख सापडला. म्हाताऱ्याला त्याचं काही नव्हतं. त्याची गाभण शेळी पावसाळ्यात त्या तोंडात गेली होती. तेव्हापासून करडं तो खोपीतच बांधतो.