हापसे मोजले, पाणी तपासलं नाही

विकास प्रकल्पाचा अहवाल हाती आला की मी मागून वाचायला घेतो. शेवटच्या तक्त्यात ‘उद्दिष्ट’ आणि ‘साध्य’ असे दोन रकाने असतात. त्यांतले आकडे जुळले की पुढचा हप्ता सुटतो. पाणीपुरवठ्याच्या योजनांचं मूल्यमापन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या दोन रकान्यांवरचा माझा विश्वास मात्र बांगलादेशाने उडवला.

तिथे तळ्याचं पाणी पिऊन मुलं हगवणीने दगावत होती. म्हणून १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने गावोगावी हापसे बसले. विचार चांगलाच होता. जमिनीखालच्या पाण्यात जंतू कमी, आणि हापसा मोजायलाही सोपा! लोकांना तो इतका पटला की पुढे लाखो कुटुंबांनी पदरमोड करून आपापल्या दारात हापसा घातला. नव्वदच्या दशकात जवळपास साऱ्या ग्रामीण बांगलादेशाला सुरक्षित पाणी मिळतं, असं अभिमानाने सांगितलं जाई.

त्या पाण्यात आर्सेनिक होतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. अंगावर डाग आणि तळहातावर घट्टे उमटायला वर्षं लागतात, कर्करोगाला त्याहून जास्त. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच असे रुग्ण ओळखले होते. बांगलादेशातल्या विहिरींत आर्सेनिक सापडल्याची नोंद व्हायला १९९३ उजाडलं. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतल्या लेखाने साडेबारा कोटींच्या देशात साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचं म्हटलं.

मधल्या काळात कोणी पाणी तपासलंच नाही असंही नाही. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने १९९२मध्ये तिथल्या भूजलाचा अहवाल दिला होता. त्यात बरीच मूलद्रव्यं तपासली होती, फक्त आर्सेनिक नव्हतं. पीडितांच्या वतीने ब्रिटनमध्ये दावा झाला. २००६मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला: ते पाणी पिणाऱ्यांप्रति या संस्थेवर अशी कायदेशीर जबाबदारी येत नाही! कायद्याने ते बरोबर असेलही. माझ्या धंद्याचं खरं दुखणं मात्र तिथेच आहे. अहवाल पैसे देणाऱ्यासाठी लिहिला जातो. हापशावर कळशी भरणारी बाई त्यात फक्त ‘लाभार्थी’ असते.

म्हणूनच पुढे जी मोहीम निघाली तिला मी पाहिलेल्या सगळ्या चकचकीत अहवालांपेक्षा जास्त मार्क देतो. सुमारे ५० लाख हापसे तपासले गेले आणि निकाल हापशावरच रंगवला. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक असेल तर लाल, नाहीतर हिरवा. (जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १०ची आहे, तो वाद वेगळा.) अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो निकाल वाचता आला, आणि बरीच कुटुंबं शेजारच्या हिरव्या हापशावर जाऊ लागली. पुढे रंग उडाले, नवे हापसे न तपासताच बसत राहिले.

मार्च २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सहस्रक विकास उद्दिष्टांतलं पिण्याच्या पाण्याचं उद्दिष्ट मुदतीआधीच गाठल्याचं जाहीर केलं. त्या हिशेबात हापसा म्हणजे ‘सुधारित स्रोत’. त्यातून काय येतं याची नोंद नव्हती. आर्सेनिक आणि फ्लोराइड २०१५नंतरच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या निकषांत आले.

आपल्याकडे जलजीवन मिशनच्या आकडेवारीतही नळजोडण्या ठळक दिसतात. फ्लोराइडने दात पिवळे पडलेली मुलं यवतमाळात आहेत, त्यामुळे हा प्रश्न ढाक्याला सोडून चालणार नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक स्रोतावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि निकाल रंगवा. प्रकल्प संपल्यावर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करायचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा, आणि ते काम प्रकल्प राबवणाऱ्याला देऊ नका. निधी देणारे कुरकुर करतील, कारण तोवर त्यांचं कार्यालय बंद झालेलं असतं आणि साहेब दुसऱ्या देशात हापसे बसवत असतात.