माझा व्हिडिओ बघून उधारी बंद केलीत? जरा थांबा!



"सर, तुमचा व्हिडिओ बघून मी उधारी बंद केली. दोन महिन्यांत निम्मं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं."

मागच्या वर्कशॉपनंतर एक ताई असं म्हणाल्या. खरं सांगतो, मला पटकन उत्तर सुचलं नाही.

माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. माणूस येतो, पन्नास रुपयांची वस्तू घेतो, पैसे देतो आणि गाडी पकडतो. मी उधारी बंद केली तेव्हा जेमतेम पंधरा-वीस लोक तुटले. ताईंचं किराणा दुकान मात्र ऊसपट्ट्यातल्या गावात आहे. तिथं घरात पैसा येतो तो दर दहा दिवसांनी दुधाच्या बिलातून आणि मोठी रक्कम उसाच्या बिलातून. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी मिळायला हवी, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात किती वाट बघावी लागते, ते ऊसवाल्यालाच विचारा! अशा गावात उधारी ही नुसती वाईट सवय नसते, गावाचं पैशाचं चक्रच तसं फिरतं.

मी व्हिडिओत काय केलं ते सांगितलं, कुठे केलं ते सांगायचं राहिलं. चूक माझी.

पण हे फक्त माझ्या व्हिडिओचं नाही. "यशस्वी ब्लॉगर रोज लिहितात, तुम्हीही रोज लिहा," हा सल्ला घ्या. अमित अग्रवाल यांनी 2004 मध्ये 'डिजिटल इन्स्पिरेशन' सुरू केलं, तेव्हा भारतात पूर्णवेळ ब्लॉगिंग करणारं जवळजवळ कुणीच नव्हतं. ते स्वतः कॉम्प्युटर इंजिनिअर, आणि विषयही तोच. आज आपण त्यांचं वेळापत्रक उचलू शकतो, 2004 साल कुठून आणणार?

किंवा "डीमार्टसारखं स्वस्त विका." डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत सुरू झालं. त्यांची बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत आहेत, आणि पुरवठादाराला पैसे लवकर देतात म्हणून माल स्वस्त मिळतो. आपला गाळा भाड्याचा, माल उधारीवर. समजा 100 रुपयांच्या विक्रीत तुमचे 20 सुटतात. 10 रुपये सूट दिलीत की 10 च उरले. म्हणजे आधीइतकीच कमाई हवी तर दुप्पट माल विकायला हवा. तेवढं गिऱ्हाईक तुमच्या गल्लीत आहे का?

आणखी एक गोष्ट. त्याच पद्धतीने चालून बुडालेला माणूस व्हिडिओ बनवत नाही. म्हणून आपल्याला ती पद्धत हमखास वाटते.

मग शिकायचंच नाही का? शिकायचं, पण कॉपी करण्याआधी तीन प्रश्न विचारा:

1. त्याचं गिऱ्हाईक कोण, आणि त्याच्या हातात पैसा कधी येतो?
2. त्याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही? जागा, भांडवल, ओळख, की लवकर सुरुवात?
3. फसलं तर माझं किती जाईल, आणि तेवढं मला झेपेल का?

ताईंबरोबर बसून आम्ही हेच केलं. उधारी पुन्हा सुरू, पण प्रत्येक घराला ठरलेली मर्यादा, आणि वसुली दूध बिलाच्या दिवशी. आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा माल नाही. सुरुवात फक्त दहा घरांपासून. चालेल का? दोन-तीन महिन्यांनी कळेल. निदान हा नियम त्यांच्या गावाकडे बघून केलेला आहे, माझ्या स्टँडकडे बघून नाही.

तेव्हा माझे व्हिडिओ जरूर बघा. पण बघून झाल्यावर मोबाईल खाली ठेवा आणि स्वतःची वही उघडा. तुमच्या धंद्याचं उत्तर तिथंच सापडेल.

तुम्ही कुणाचं बघून काय केलंत आणि ते का फसलं? कमेंटमध्ये बिनधास्त लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!