मापांच्या पानाशी थांबा

क्विल्टिंगचे किंवा भरतकामाचे नवे पुस्तक हाती आले की आपण बहुतेक जणी आधी रंगीत पाने उलटतो. मन भरेपर्यंत फोटो बघायचे, आवडलेल्या गोधडीची रंगसंगती डोक्यात साठवायची, आणि मापे व आकृत्यांची पाने थेट कात्री हातात घेतल्यावरच उघडायची. स्फूर्ती फोटोतून मिळते आणि मापे फक्त कामापुरती, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. फोटोतली गोधडी कोणीतरी शिवून संपवलेली असते. तिच्यात आपल्याला करण्यासारखे उरते ते फार तर रंग बदलणे. कृतीच्या पानावर मात्र एक नियम सांगितलेला असतो, आणि त्या नियमातून काय काय शिवता येईल हे लेखिकेने स्वतःही पुरते तपासलेले नसते.

लॉग कॅबिन हा ब्लॉक घ्या. मध्ये छोटा चौकोन, त्याच्याभोवती एकामागून एक पट्ट्या. लगतच्या दोन बाजूंना फिक्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. एवढीच कृती, आणि शिकाऊ हातालाही ती जमते. ब्लॉक पुरा झाला की तो कर्णावर उजेड आणि सावली असा दुभागलेला दिसतो. आता असे सोळा ब्लॉक चार ओळींत मांडा. प्रत्येक ब्लॉक चार दिशांना वळवता येतो, म्हणजे मांडण्या होतात ४२९ कोटींहून अधिक. त्यांतल्या बहुतेक बघवणार नाहीत, हे खरे. पण बार्न रेझिंग, स्ट्रेट फरो अशी नावे मिळालेल्या, डोळ्यांना सुखावणाऱ्या मांडण्या याच ढिगातून कोणी ना कोणी ब्लॉक जमिनीवर पसरून, फिरवून शोधल्या आहेत. पुस्तकातला फोटो त्या ढिगातली एक मांडणी दाखवतो.

त्याहून रुक्ष वाटणारी बाब म्हणजे सात सूत (इंचाचे सात अष्टमांश). शिवून झाल्यावर तीन इंच भरेल असा, दोन त्रिकोणांचा चौकोन हवा असेल तर तीन इंच सात सुतांचा चौकोन कापून कर्णावर छेदा, असे जवळपास प्रत्येक पुस्तक सांगते. आपण ते पाठ करतो. पण हे सात सूत आले कुठून, हे एकदा कागदावर काढून पाहावे. शिवण पाव इंचाची आहे. त्रिकोणाच्या दोन सरळ बाजूंच्या शिवणींना मिळून अर्धा इंच लागतो. तिरक्या बाजूच्या शिवणीला पाव इंचाच्या १.४१४ पट, म्हणजे ०.३५ इंच. बेरीज ०.८५, आणि तिच्या सर्वांत जवळचे माप सात सूत. हे कळले की माप तुमच्या ताब्यात येते. जुन्या सुती साडीचे, चटकन उसवणारे कापड असेल आणि शिवणीत तीन सूत सोडायचे असतील, तर हाच हिशेब सव्वा इंचाच्या किंचित पुढे जातो. ही पुस्तके परदेशी, त्यांचे कापड वेगळे, ती आपल्या काय कामाची, ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. नुसता आकडा उचलणाऱ्यांसाठी ती रास्त आहे. आकड्यामागचा हिशेब उचलला तर तो साडीलाही लागू होतो आणि खादीलाही.

नमुन्यांच्या पुस्तकांचा इतिहासही याच बाजूने बोलतो. सोळाव्या शतकात जर्मनी, इटली, फ्रान्समध्ये भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तके छापली जाऊ लागली. त्यांच्या प्रती आज दुर्मीळ आहेत, कारण पाने सुईने टोचून, वरून पूड चोळून नमुना कापडावर उतरवला जाई. (आरीकामाचा खाका आपण आजही असाच छापतो.) पुस्तक वापरून संपवायचे, हेच त्यात गृहीत होते. तेरेझ द दिल्मोंचा १८८६चा सुईकामाचा ज्ञानकोश पाहा: टाक्यांची चित्रे बारीक रेषांतली, धागा कुठून वर येतो आणि कुठे खाली जातो हे दाखवणारी. अमेरिकेत ‘कॅन्सस सिटी स्टार’ने १९२८ ते १९६१ या काळात ब्लॉकचे नमुने छापले. त्यांत तुकड्यांचे आकार असत आणि जेमतेम सूचना. बाकीचे बाईने आपल्या अकलेने जमवायचे. पुढे वाचकच स्वतःचे नमुने पाठवू लागले. सगळे आयते मिळाले असते तर कोणी कशाला पाठवले असते!

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की उत्तम गोधड्या पुस्तकाविनाच झाल्या आहेत. अलाबामातल्या जीज बेंडच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेले क्विल्ट २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागले. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, आपल्याकडे वाकळ आणि गोधडी पिढ्यान्पिढ्या शिवली जाते. कोणी पुस्तक उघडलेले नाही. मान्य. पण नियम तिथेही आहेत. जीज बेंडची ‘हाऊसटॉप’ मांडणी लॉग कॅबिनचीच बहीण आहे, मध्याभोवती पट्ट्या. कवंदीत तुकडे कडेपासून आत बसवत न्यायचे आणि कोपऱ्यांवर दुमडलेला ‘फुला’ लावायचा. हे आईकडून लेकीकडे गेले, एवढाच फरक. ज्या घरात शिकवणारी आजी उरली नाही, तिथे ते काम छापील पानाने करावे. धावदोरा किती ओढावा हे पान सांगू शकत नाही. ते हाताशेजारी बसून, किंवा अलीकडे व्हिडिओ पाहून, जास्त चांगले कळते. मात्र व्हिडिओत हात पुढे सरकत राहतो आणि ‘हेच माप का’ हा प्रश्न सहसा मागेच पडतो.

दुसरा आक्षेप सारखेपणाचा: पुस्तक, त्यासोबत कापलेल्या कापडाचे पाकीट, आणि प्रदर्शनात एकाच साच्यातल्या पाच गोधड्या. हे घडते, आणि त्यात आम्हा संपादकांचाही वाटा आहे, कारण मोठा रंगीत फोटो छापला की पान भरते आणि अंक उठून दिसतो. म्हणून पुढच्या अंकापासून नमुन्याच्या पानावर आकृती मोठी आणि काळ्या-पांढऱ्यात असेल, प्रत्येक मापाशेजारी त्याचा हिशेब असेल आणि फोटो कोपऱ्यात, छोटा. वाचकांनी नमुने पाठवताना ब्लॉकची आकृती, कापायचे माप आणि शिवणीची रुंदी लिहून पाठवावी. नुसता फोटो आला तर तो छापला जाणार नाही.