अमेरिकेचा मधला दरवाजा

शाळा सोडून गेलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक अलीकडे एक प्रश्न आम्हां शिक्षकांस वारंवार विचारतात. बारावीनंतर लगेच अमेरिकेस जाणे जमले नाही. आता येथील महाविद्यालयात एखाददुसरे वर्ष काढून मग तिकडील विद्यापीठात जाता येईल काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'होय' असेच आहे. अमेरिकेतील विद्यापीठे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी जसे घेतात, तसेच अन्यत्र काही शिक्षण झालेले विद्यार्थीही घेतात. या मधल्या प्रवेशास तिकडे ट्रान्स्फर म्हणतात. परंतु वरील प्रश्नातील 'वर्ष काढून' हे दोन शब्द आम्हांस खटकतात. त्या दोन शब्दांविषयीच येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणे आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. वडिलांची बदली होते, मुख्याध्यापकांकडून शाळा सोडल्याचा दाखला मिळतो, आणि सातवीतला मुलगा नव्या शाळेत सातवीतच बसतो. अमेरिकेतील विद्यापीठात असे होत नाही. तेथील पदवी साधारणपणे चार वर्षांची आणि बहुधा १२० श्रेयांकांची असते. श्रेयांक म्हणजे ज्यास आपण क्रेडिट म्हणतो ते. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याने पूर्वी केलेला एकेक विषय तेथे तपासला जातो. त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळेल तो स्वीकारला जातो. न जुळेल तो बाजूस राहतो. म्हणून येथे दोन वर्षे पूर्ण केली की तेथे तिसऱ्या वर्षात जागा मिळेलच, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

हिशेबातही फरक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आपल्याकडेही श्रेयांकांची पद्धत सर्वत्र रूढ होत आहे. आपली तीन वर्षांची पदवी किमान १२० श्रेयांकांची व चार वर्षांची १६० ची. म्हणजे वर्षास ४०. अमेरिकेत पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी वर्षास साधारण ३० मिळवितो. तेव्हा आपले ८० श्रेयांक म्हणजे त्यांचे ८० नव्हेत, हे उघडच आहे. शिवाय, पदवी जे विद्यापीठ देणार तेथेच ठरावीक श्रेयांक, पुष्कळ ठिकाणी निम्मे, मिळवावे लागतात. हार्वर्ड विद्यापीठाचा नियम असा की, अन्यत्र एक वर्ष तरी पूर्ण झालेले असावे, परंतु दोनांहून अधिक झालेली नसावीत. प्रिन्स्टन विद्यापीठाने तर हा मधला दरवाजा १९९० पासून बंद ठेवला होता. तो २०१८ साली पुन्हा उघडला. दरवाजा आहे, पण तो अरुंद आहे, आणि प्रत्येक घराचा निराळा आहे.

एका देशाचे शिक्षण दुसऱ्या देशात किती मोलाचे, हा प्रश्न आम्हां गोमंतकीयांस काही नवा नाही. पणजी येथे १८४२ साली वैद्यक शाळा निघाली. आशिया खंडातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी ती एक. परंतु तेथे शिकलेल्या वैद्यास खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करावयाचा झाल्यास तिकडील विद्यापीठात पुढील अभ्यास करून पुन्हा परीक्षा द्याव्या लागत. पणजीचे शिक्षण तिकडच्या तोडीचे मानले जात नसे. त्यात अन्याय होता की नाही, हा वाद निराळा. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कागद सीमेवर अडत असे. जे शिकून अंगी मुरले, ते मात्र माणसाबरोबर जात असे.

आता अर्जाकडे वळू. मधल्या प्रवेशाच्या अर्जात मुख्यतः काय पाहिले जाते? बारावीचे गुण पाहतात. परंतु त्याहून अधिक पाहतात ते महाविद्यालयातील गुण. प्रत्येक विषयाचे गुणपत्रक विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी लागते. त्या विषयात काय शिकविले याचे वर्णन, म्हणजे अभ्यासक्रमाची प्रत, मागितली जाते. ज्या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष शिकविले त्यांची शिफारसपत्रे लागतात. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आणि शेवटी एक निबंध: तुम्ही आहात ते ठिकाण का सोडता, आणि आमच्याकडेच का येऊ इच्छिता?

ही यादी वाचून पाहावी. यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट येथल्या महाविद्यालयात, येथल्या वर्गात, त्या 'काढलेल्या' वर्षात घडावयाची आहे. ज्याने ते वर्ष धर्मशाळेत रात्र काढावी तसे काढले, वर्गाकडे पाठ फिरविली आणि डोळे सारखे विमानाकडे लावले, त्याच्या गुणपत्रकात दाखविण्याजोगे काही उरत नाही. त्याचे नाव प्राध्यापकांस ठाऊक नसते. मग ते शिफारस कशाची करणार? आमचे स्पष्ट मत असे की, मधल्या दरवाज्याची किल्ली येथल्याच महाविद्यालयात घडते. जो आहे तेथे मन लावून शिकतो, त्यालाच दुसरीकडे नेण्यासारखे काही मिळते.

यावर कोणी म्हणतील, 'येथील महाविद्यालयात धड ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, अध्यापक बदलत असतात. म्हणूनच तर मुलाला बाहेर जावयाचे आहे.' ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण निबंध वाचणारा परीक्षक तक्रारीवर गुण देत नाही. 'आमच्याकडे अमुक नाही' एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा, 'खारफुटीचा अभ्यास आम्हांला पुस्तकातून शिकविला. मी मांडवीच्या काठावर जाऊन त्याची स्वतः नोंद ठेवली. पुढील काम येथे होण्यासारखे नाही, तुमच्या अमुक विभागात होईल' असे खरेपणाने लिहू शकणारा विद्यार्थी निश्चित उजवा ठरतो. उणीव सर्वांच्याच वाट्यास येते. तिच्यात राहून आपण काय केले, हे सांगता आले पाहिजे.

साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले, तेव्हा त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. लंकेत आणि ब्रह्मदेशात कष्टाने मिळविलेले पालीचे ज्ञान होते, आणि 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी तेथील विद्वानांस तेच हवे होते. त्यांचे पुत्र दामोदर १९१८ साली वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर झाले. आजचे नियम निराळे आहेत. पदवीवाचून आज कोणी आत घेणार नाही. तथापि बरोबर न्यावयाची शिदोरी कोणती, हे या उदाहरणावरून कळते.

दुसरी एक वाट आहे, तीही पालकांस माहीत असावी. अमेरिकेत दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे आहेत. तेथे आरंभ करून पुढील दोन वर्षांसाठी मोठ्या विद्यापीठात जाता येते. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली आखलेल्या उच्च शिक्षणाच्या योजनेत ही वाट मुद्दाम बांधून काढली. आज कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा, काही अभ्यासक्रम वगळता, ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. मात्र बर्कली व लॉस एंजलिस या शाखा त्या सहांत नाहीत. या वाटेवर श्रेयांक वाया जाण्याची भीती कमी. परंतु पहिल्या दिवसापासून परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क द्यावे लागते, आणि ते स्थानिक विद्यार्थ्याच्या कितीतरी पट असते.

पैशाची गोष्ट निघालीच आहे, तर ती आडपडदा न ठेवता बोलावी हे बरे. परदेशातून मधल्या प्रवेशाने येणाऱ्या विद्यार्थ्यास भरघोस आर्थिक साहाय्य देणारी विद्यापीठे फार थोडी आहेत. पुष्कळ ठिकाणी शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठीच राखलेल्या असतात. व्हिसासाठी लागणारे आय-ट्वेंटी हे पत्र मिळण्यापूर्वी निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद कागदोपत्री दाखवावी लागते. 'तिकडे गेल्यावर नोकरी करून भागवू' हा हिशेबही खरा नव्हे. सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास वीस तासांपर्यंतच काम करण्यास मुभा असते. म्हणून पालकांस आमची विनंती आहे: किती श्रेयांक स्वीकारले जाणार हे विद्यापीठाकडून लेखी कळल्यावाचून आणि उरलेली वर्षे मोजल्यावाचून भाट विकू नये, घर गहाण टाकू नये. दोन वर्षांचा खर्च धरून निघावे आणि तीन वर्षे लागावीत, यात कुटुंबे खचतात.

गुण वाढवून देतो, शिफारसपत्र लिहून देतो, निबंध तयार करून देतो, असे सांगणारे मध्यस्थ शहरोशहरी आढळतात. त्यांच्या नादी लागू नये. खोटा कागद उघडकीस आला तर मिळालेला प्रवेश जातो, आणि व्हिसाची वाट कायमची बंद होऊ शकते. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग. तिकडे साठ टक्के म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. एवढ्याने घाबरून काही मुले लबाडीकडे वळतात. त्याची गरज नाही. निरनिराळ्या देशांच्या गुणपद्धती जाणून त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्था तिकडे आहेत, आणि पुष्कळ विद्यापीठे त्यांचा अहवाल मान्य करतात.

मराठी माध्यमात शिकलेल्यांनीही बिचकू नये. आमच्यापैकी पुष्कळांची घरची बोली कोंकणी, शाळेची भाषा मराठी आणि महाविद्यालयाची इंग्रजी. एका भाषेत नीट विचार करावयास जो शिकला, त्याला दुसरीचे शब्द मेहनतीने मिळवता येतात. ज्याला कोणत्याच भाषेत स्वतःचे असे काही म्हणावयाचे नाही, त्याची अडचण इंग्रजीने सुटत नाही.

महाविद्यालयांकडूनही काही अपेक्षा आहेत. जुने अभ्यासक्रम जपून ठेवावेत, गुणपत्रके वेळेवर द्यावीत. बहुतेक अर्जांच्या मुदती वसंत ऋतूत संपतात, आणि येथील एका कारकुनी दिरंगाईने विद्यार्थ्याचे वर्ष बुडू शकते. आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याने 'विद्यार्थी मेहनती व सालस आहे' एवढ्यावर न थांबता, त्याने वर्गात कोणता प्रश्न विचारला, कोणते काम केले, ते लिहावे.

विद्यार्थिमित्रांनो, जावेसे वाटले तर अवश्य जा. गोमंतकीयांनी समुद्र ओलांडणे ही काही आजची गोष्ट नव्हे. अर्ज मान्य होईल किंवा न होईल; ते संपूर्णपणे कोणाच्याच हाती नसते. पण येथले वर्ष जर तुम्ही खरोखर शिकून घालविले असेल, तर नकाराचे पत्र आले तरी ते वर्ष तुमचेच राहील. आणि होकार आला, तर तुम्ही रिकाम्या हातांनी जाणार नाही.