कराडमध्ये पाहायचे काय?

कराडला आलेल्या पाहुण्याला काय दाखवितात? कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, यशवंतराव चव्हाणांची समाधी, जुने मनोरे. जरूर दाखवावे. पण शहराजवळच, जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, त्यांचे काय? डोंगर चढणारा बहुधा महादेवाच्या दर्शनाला जातो. वाटेवरचे चैत्यगृह त्याला नुसती गुहा वाटते! इसवी सनापूर्वी मध्य भारतातील भारहूतच्या स्तूपाला ‘करहकट’ नगराने दान दिले, ते तेथील शिलालेखात कोरलेले आहे. ते करहकट म्हणजेच आपले कराड. कोकणातील कुडा लेण्यातही येथील एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. बुद्धाला दान देणारे हे गाव होते, हे कराडकरांना कोण सांगणार?

आणि मसूर? कराड तालुक्यातलेच हे रेल्वे स्टेशन. १९०१ साली लहानगे भीमराव घरातल्या मुलांसह वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी येथे उतरले. न्यायला कोणीच आले नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला; जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवाले तयार होईनात. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे.

शाळांच्या सहली संगमावर येतात. तीच एसटी सकाळी आगाशिवला न्यावी, दुपारी मसूरला. तिथे फलाटावर गुरुजींनी विचारावे, त्या मुलांना गाडी का नाकारली?